सीलमावशी आणि आमचं गळकं छप्पर

पाऊस सुरू झाला की माणसं घरात पळतात. सीलमावशी गाडीत पळायच्या. स्वतःच्या नव्हे, कारण त्यांच्याकडे गाडीच नव्हती. समोर जी उभी असेल तिच्यात. रेगेन्सबर्गमधली आम्ही मोजकी मराठी कुटुंबं कुणाच्या तरी घरी जेवायला जमलेली असायचो, पानं वाढून व्हायची, बाहेर सर यायची आणि मावशी यजमानापुढे हात पसरायच्या, "किल्ली दे रे." यजमान मुकाट्यानं द्यायचा. मावशी छत्री न घेता खाली जायच्या, गाडीत पुढच्या सीटवर बसून दार लावून घ्यायच्या आणि डोळे मिटून तोंड वर करून बसायच्या. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, बाईंची समाधी लागली. काही वेळानं वर येऊन हात धुवायच्या आणि वरणभातावर लिंबू पिळता पिळता निकाल सांगायच्या, "मागचा डावा कोपरा. अजून गळत नाहीये, पण त्याच्या मनात आलंय." मग यजमानाला जेवण गोड लागायचं नाही.

त्यांचं खरं नाव वसुधा. पुण्यात पॉलिमरचं शिक्षण घेऊन त्या जर्मनीत आल्या त्याला, आमची ओळख झाली तेव्हा, वीसेक वर्षं होऊन गेली होती. गाडीच्या सनरूफच्या काचेभोवती जी काळी रबरी पट्टी असते, ते सील बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आमच्यातले बाकीचे इंजिनीअर इंजिनावर, ब्रेकवर, सॉफ्टवेअरवर काम करायचे आणि त्याबद्दल तासन्‌तास बोलायचे. मावशींच्या लेखी ते सगळं छपराखाली लटकवलेलं सामान होतं. त्या गाडी चालवायलाही शिकल्या नाहीत. "चालवणारे पुष्कळ आहेत," म्हणायच्या, "वर बघणारं कुणी नाही." लग्न केलं नव्हतं. नव्यानं ओळख झालेल्या एखाद्या वहिनीनं ते का म्हणून विचारलंच, तर शांतपणे सांगायच्या, "दोनतीन नमुने बघितले. टेस्टमध्ये टिकले नाहीत." वहिनी पुन्हा विचारत नसत.

सीलबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते प्रत्येकाला ऐकावंच लागायचं. सगळ्यांची समजूत असते की सील पाणी अडवतं. मावशी म्हणायच्या, साफ चूक. "थोडं पाणी आत येणारच. पाऊस आहे तो, तुमचा नोकर नाही. आल्झो, म्हणजे असं बघा, सीलच्या आत पन्हळ असते, पन्हळीच्या कोपऱ्यांना नळ्या असतात, त्या चाकांपाशी खाली उतरतात. आलेलं पाणी गुपचूप बाहेर जायला हवं. सीलचं काम फक्त गर्दी आवरायचं." मी कम्प्यूटरवाली, मला छपरातलं काही कळत नसे, पण हे मला पटकन कळलं. लग्नानंतर नणंदा, दीर आणि माहेर यांच्यात मी साधारण हेच करत आले होते.

ऑक्टोबर उजाडला की मावशींचा दौरा निघायचा. एका शनिवारी एक घर. पाठीवर पिशवी, पिशवीत मऊ फडकी, कोमट पाण्याचा थर्मास, साबणाचं पाणी आणि ग्लिसरिनची बाटली. छप्पर उघडून त्या सीलची सगळी कड साबणाच्या पाण्यानं पुसायच्या, कोरडी करायच्या, मग बोटावर ग्लिसरिन घेऊन लहान मुलाच्या गालाला साय लावावी तशी लावायच्या. थंडीत रबर काचेला चिकटून गोठतं आणि छप्पर उघडायला गेलं की फाटतं, म्हणून हा खटाटोप. शेवटी कागदाची एक पट्टी सीलखाली ठेवून काच बंद करायच्या आणि पट्टी ओढून बघायच्या. पट्टी सहज निघाली की कपाळाला आठी, अडकत अडकत निघाली की "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून चहा.

ग्लिसरिनवर त्या आल्या त्याची एक गोष्ट होती. नोकरीतल्या पहिल्या हिवाळ्यात एका जर्मन सहकाऱ्यानं प्रेमानं त्यांना रबराला लावायची कांडी भेट दिली. ओठांना लावायची असते तशी, फक्त मोठी. मावशींनी ती वर्षभर हौसेनं वापरली, एकदा थंडीत टाचा फुटल्या तेव्हा टाचांनाही चोळली. पुढे जर्मन वाचता यायला लागलं तेव्हा कांडीवरचं नाव वाचलं, तर ती हरणाची चरबी. मावशी घरच्या कडक शाकाहारी. "टाचा मात्र छान झाल्या होत्या," हे वाक्य त्या गोष्टीच्या शेवटी न चुकता यायचं.

हसतमुख बाई, पण गळतीच्या बाबतीत दयामाया नाही. आमच्यातल्या एकानं जुन्या बाजारातून मोठी गाडी घेतली आणि सगळ्यांना पेढे द्यायला बोलावलं. मावशी गाडीत बसून आल्या आणि भर बैठकीत म्हणाल्या, "हिचं छप्पर काढून पुन्हा बसवलंय. अपघातातली आहे." पेढा हातातच राहिला. त्या माणसानं वर्षभर मावशींशी अबोला धरला. निदान दुसऱ्या दिवशी सांगायचं, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "उद्या सांगितलं असतं तर काय ती गाडी रात्रीतून सुधारली असती? गळतीला नातीगोती नसतात, केतकी. गळतंय तर गळतंय म्हणावं." अशा त्या होत्या. म्हणून पुढे जे घडलं ते माझ्या लक्षात राहिलं.

आमची पहिली गाडी आम्ही घेतली तेव्हा मला सहावा महिना होता. गाडी जुनी, पण माझ्या नवऱ्याला, अनिरुद्धला, सनरूफ हवंच होतं. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं, कारण या देशात ऊन असतं तेव्हा तो ऑफिसात असतो. बाळंतपणाला माझी आई येणार होती, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि साताऱ्याहून सासूबाई आल्या. सासरे गेल्यानंतर त्या प्रथमच घराबाहेर पडत होत्या, आणि विमानात तर जन्मात पहिल्यांदा बसत होत्या. आल्या त्या बॅगेत डिंक, आळीव आणि मुलाच्या गाडीसाठी सुपारी, हळदकुंकू, नारळ असं सगळं घेऊन. दसरा आठवड्यावर होता.

दसऱ्याला इमारतीच्या पार्किंगमध्ये आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गाडीची साग्रसंगीत पूजा केली. तळमजल्यावरच्या फ्राऊ हुबर खिडकीत कोपर टेकून बघत होत्या. आईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. आईला कौतुक दाखवावं म्हणून अनिरुद्धनं आतून बटण दाबून छप्पर उघडलं. "अरे वा, माझं लेकरू उघड्या आभाळाखाली फिरणार," असं म्हणून आईंनी कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभरून गाडीवर टाकल्या. पुन्हा एक मूठ. तिसरी माझ्या डोक्यावर, मी दोन जिवांची म्हणून. झेंडूच्या पाकळ्याही उधळल्या. मग अनिरुद्धनं छप्पर बंद केलं आणि आम्ही वर जाऊन श्रीखंड खाल्लं.

नोव्हेंबर लागला, आणि इथला नोव्हेंबर म्हणजे सतत ठिबकणारा महिना. एका सकाळी डॉक्टरांकडे जाताना अनिरुद्धनं सिग्नलला ब्रेक लावला आणि गार पाण्याची धार थेट माझ्या मानेवर पडली. पुढे रोजच. छताचं कापड ओलं होऊन लोंबायला लागलं, गाडीला भिजलेल्या गोणपाटाचा वास यायला लागला. याच गाडीतून बाळ घरी आणायचं होतं. अनिरुद्ध गॅरेजला जाऊन आला, दोनदा काचेभोवती टेप लावली, काही उपयोग झाला नाही. आणि एका संध्याकाळी ऑफिसातून वैतागून आलेला, ओला शर्ट झटकत तो बोलून गेला, "पूजा झाल्यापासूनच नाट लागली या गाडीला. आधी चांगली होती." चेष्टेत बोलला, असं तो नंतर म्हणाला. आईंच्या हातात लाटणं होतं. त्यांनी पोळी पूर्ण लाटली, भाजली, त्याच्या पानात वाढली आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

त्यानंतर आई गाडीत बसेनात. मंदिरात नको, बाजारात नको, पाय दुखतात. मला बाळंतविडा दाखवणाऱ्या बाई आता तिकिटाची तारीख बदलता येते का, ते विचारायला लागल्या. "मला थंडी सोसत नाही गं. आणि माझ्या हाताला यश नाही हल्ली. पूजा मांडली ती अशी. तुझ्या वेळेला काही कमीजास्त झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?" सासरे आजारी असताना केलेल्या पूजांचंही त्यांच्या मनात होतं, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला समजलं. माझ्यावर तर आभाळ कोसळलं. परका देश, पहिलं बाळंतपण, माझ्या आईच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, आणि मला हव्या होत्या त्या बाई बॅग भरत होत्या. अनिरुद्धनं माफी मागितली, आईंनी "त्यात काय, तुझं काही चुकलं नाही" म्हटलं आणि बॅगेची चेन ओढली. मी मावशींना फोन केला. छपराचं सांगितलं, आणि रडू आलं म्हणून बाकीचंही सांगितलं.

शनिवारी मावशी आल्या त्या हातात बागेला पाणी घालायची झारी घेऊन. त्या दिवशी नेमका पाऊस नव्हता. मी खुर्ची टाकून पार्किंगमध्ये बसले, आई वर गॅलरीत उभ्या. अनिरुद्ध झारीनं छपरावर हळूहळू पाणी ओतत होता आणि मावशी आत समाधी लावून बसल्या होत्या. फ्राऊ हुबर कचरा टाकायला म्हणून आल्या आणि थांबल्या. "पाणी घालून मोठी होणार आहे का ती?" त्यांनी विचारलं. "हो," मावशी आतून म्हणाल्या, "वसंतापर्यंत बस होईल." फ्राऊ हुबर हसत गेल्या.

मावशी बाहेर आल्या. छप्पर उघडून सीलच्या कडेवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, कागदाची पट्टी लावून ओढली. पट्टी अडकत निघाली. म्हणजे सील ठणठणीत, एवढं आता मलाही कळत होतं. मग पिशवीतून त्यांनी गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी काढली आणि पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात घालून हलक्या हातानं सारत गेल्या. खाली, दाराच्या बिजागरीपाशी नळीचं तोंड होतं तिथे दुसरा हात धरला. आधी काही नाही. मग तुंबलेलं पाणी भळकन आलं आणि पाण्याबरोबर त्यांच्या तळहातावर आलं ते मी खुर्चीवरून स्पष्ट बघितलं. फुगलेले, गुलाबीसर तांदूळ. त्यात झेंडूची काळी पडलेली पाकळी.

तोवर आई जिना उतरून आल्या होत्या. पदर घट्ट लपेटून जरा लांब उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय निघालं हो, वसुधाताई?"

मावशींनी मूठ मिटली. माझ्याकडे बघितलं. गळतंय तर गळतंय म्हणणारी ती बाई, आणि मला वाटलं, झालं, आता ही खरं सांगणार. मावशींनी मूठ रेनकोटच्या खिशात घातली आणि रिकामी बाहेर काढली.

"काही नाही. पानं. इथली झाडं फार पानं गाळतात," त्या म्हणाल्या. "पण मुख्य दोष सीलचा आहे. म्हातारं झालंय. त्यात जीवच नाही. बदलायला हवं."

अनिरुद्ध इंजिनीअर. त्यानं तत्परतेनं बोट लावून बघितलं. "पण मावशी, रबर तर चांगलं नरम आहे, शिवाय पट्टी आत्ता..." पुढचं वाक्य झालं नाही, कारण मावशींचा बूट त्याच्या पायावर होता. "अनिरुद्ध, तू इंजिनातला ना? मग बॉनेटच्या मागे येऊ नकोस. सीलमध्ये माझा शब्द शेवटचा. ही गाडी घेतलीस तेव्हाच सील गेलेलं होतं. उन्हाळ्यात कळलं नाही एवढंच." मग आईंकडे वळून, "तुमचा मुलगा गाडी बघून घेतो म्हणता? छप्पर न बघता घेतलीये यानं." आई पहिल्यांदाच जरा हसल्या. "लहानपणापासून तसाच आहे," त्या म्हणाल्या. "चपला घ्यायचा त्याही घालून न बघता."

पुढच्या शनिवारी मावशी नवं सील घेऊन आल्या. चांगलं, धडधाकट जुनं सील त्यांनी आपल्या हातानं ओढून काढलं. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, चोख दागिना भंगारात टाकताना सोनाराचा व्हावा तसा तो झाला होता. खाच पुसून कोरडी केली, आणि मग त्या आईंना म्हणाल्या, "सुमनताई, या इकडे. तुम्ही करंज्या करता ना?"

"करते की."

"करंजी तळताना का फुटते?"

"कड नीट दाबली नाही तर. नाहीतर घाईनं पारी ताणली तर."

"बघ अनिरुद्ध, याला म्हणतात शिक्षण. हेच काम आहे. मागच्या बाजूला मधोमध सुरुवात करायची, सांधा तिथेच येऊ द्यायचा. ताणायचं अजिबात नाही. ताणून बसवलं की थंडीत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. मी धरते, तुम्ही दाबत या."

आईंनी पदर खोचला. त्यांच्या अंगठ्यांनी साताऱ्यातल्या आमच्या अख्ख्या आळीच्या दिवाळीच्या करंज्या मिटवल्या होत्या. बोटभर, मग बोटभर, असं करत त्या काचेच्या चारी बाजूंनी गेल्या, कोपऱ्यांवर थांबून दोनदा दाबलं. मध्येच त्यांनी थोडं खोबरेल लावू का विचारलं. "खोबरेल डोक्याला," मावशी म्हणाल्या. "तेलानं रबर फुगतं. याला ग्लिसरिन." झारीनं पाणी ओतलं तेव्हा आई स्वतः आत बसल्या, मावशींसारख्याच तोंड वर करून. बऱ्याच वेळानं दार उघडून म्हणाल्या, "कोरडं ठाक आहे." पण त्या उतरल्या नाहीत, पुन्हा वर बघत राहिल्या. मावशी कागदाची पट्टी घेऊन उगाच दुसऱ्या बाजूला गेल्या.

जाताना त्यांनी अनिरुद्धला जिन्यात गाठलं. मी मागे होते म्हणून ऐकलं. "सील तिथे लावलं, पण गरज तुझ्या तोंडाला होती," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

आई राहिल्या. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली, डिंक-आळीव बाहेर आले. नाताळच्या आधी आमची मुलगी झाली, आणि बर्फ-पावसाच्या एका सकाळी आम्ही तिला घरी आणली. आई मागच्या सीटवर तिच्याजवळ बसल्या होत्या. वाटेत दोनदा त्यांनी छताला हात लावून बघितला. घरी पोहोचल्यावर गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "आपण बसवलेलं आहे ते." पुढे त्या दर वर्षाआड यायला लागल्या, आणि आमच्या मंडळींत कुणाच्या गाडीत वास आला की मावशींच्या बरोबरीनं आईंनाही बोलावणं यायला लागलं. दोघी गाडीत शेजारी शेजारी डोळे मिटून बसलेल्या मी बघितल्या आहेत.

काही वर्षांनी मावशी निवृत्त झाल्या आणि पुण्याला परत जायचं ठरवलं. म्यूनिकच्या विमानतळाकडे जाणाऱ्या आगगाडीवर त्यांना सोडायला मी आणि माझी मुलगी गेलो होतो. सामान फार नव्हतं. गाडीला अवकाश होता, मुलगी बाकावर बसून ब्रेत्सेल खात होती, आणि मी एवढी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "मावशी, तुम्ही चांगलं सील काढून टाकलंत. पेढ्याच्या दिवशी तर तुम्ही एक रात्रही थांबला नाहीत, मग त्या दिवशी खोटं का बोललात?"

मावशी मुलीशेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी इथे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी आई आली होती. एकटीच. मी कामाला गेले आणि तिनं बाथरूम धुतली. आपल्याकडे धुतात तशी, बादल्यांनी पाणी ओतून. इथे बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते, हे तिला काय माहीत? पाणी खालच्या घराच्या छतातून उतरलं. संध्याकाळी मी तिला सगळं समजावून सांगितलं. पाणी कुठून गेलं, का गेलं, काय करायला हवं होतं. कागदावर चित्र काढून दाखवलं. तिला वाईट वाटलंय हे दिसत होतं, पण मला वाटलं, आधी कारण नीट कळू दे." त्या माझ्या मुलीकडे बघत होत्या. "चार दिवसांनी ती म्हणाली, मला घरी जायचंय. गेली. माझं सगळं अगदी बरोबर होतं गं. चित्रसुद्धा बरोबर होतं. ती पुन्हा कधी आली नाही."

गाडी आली. मावशींनी माझ्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला. तिला मराठी कळतं पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "च्युस, मावशी." मावशी खिडकीशी बसल्या आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत राहिल्या. मला त्यांना मिठी मारायची होती, ती मी प्लॅटफॉर्मवर मारली नाही याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता मी साताऱ्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, आईंनी दिवा लावून नुकताच फोन हातात घेतला होता. यंदा तुम्ही कधी येताय, असं मी विचारलं.

"अगं, यंदा माझं वर्ष नाही," आई म्हणाल्या. "गेल्या वर्षीच नाही का येऊन गेले?"

"तरी या," मी म्हटलं.